सहीच्या आधी: मोठ्या सरकारी संगणक प्रकल्पांना मंजुरी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोठ्या सरकारी संगणकप्रणालींना मंजुरी देणारे, त्यांच्या निविदा काढणारे आणि त्यांची देयके पास करणारे सर्व मंत्री व अधिकारी

विषय: प्रकल्प नेमका कुठे फसतो आणि त्याआधी काय विचारावे, याबाबत

महोदय, महोदया,

प्रणाली कोसळली की चौकशी लागते, आणि ती बहुधा कोसळण्याच्या दिवसापासून दोन-तीन महिने मागे जाऊन थांबते. सर्व्हर कमी पडले, कंत्राटदाराने कुचराई केली, चाचणी अपुरी झाली. हे सगळे खरेच असते. आम्ही अशा प्रणाली बांधतो, तपासतो आणि चालू ठेवतो. आमच्या मते चौकशी आणखी मागे न्यायला हवी: रक्कम, तारीख आणि कामाची व्याप्ती या तिन्ही गोष्टी ज्या बैठकीत एकाच टिपणीवर मंजूर झाल्या, त्या बैठकीपर्यंत. त्या खोलीत कामातले बारकावे माहीत असलेला माणूस बहुधा नसतो. असलाच तर मान डोलवायला बोलावलेला असतो.

कॅनडाचे उदाहरण घ्या. तिथल्या महालेखापरीक्षकांनी ते पायरीपायरीने कागदावर आणले आहे. केंद्र सरकारच्या सुमारे 2 लाख 90 हजार कर्मचाऱ्यांचे पगार काढण्यासाठी ‘फिनिक्स’ नावाची प्रणाली ठरली. 2009 मध्ये तिच्या उभारणीसाठी 15.5 कोटी डॉलर मंजूर झाले. 2012 मध्ये आराखड्याचा टप्पा संपला तेव्हा कंत्राटदाराने सांगितले की याला 27.4 कोटी लागतील. इथे सरळ वाटा दोनच होत्या. वाढीव पैसे मागायचे, नाहीतर थांबून फेरविचार करायचा. निवडली गेली ती तिसरी: मंजूर आकड्यात बसेल इतके काम छाटायचे. छाटलेल्या कामांत मागील तारखेपासूनच्या थकबाकीची आकारणी होती. वेतन करार उशिरा होतात आणि थकबाकी द्यावी लागते, हे पगार काढणाऱ्या कोणत्याही कारकुनाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. ठरलेली प्रायोगिक चाचणीही 2015 मध्ये रद्द झाली. फेब्रुवारी 2016 मध्ये प्रणाली सुरू झाली आणि काही महिन्यांत कुणाला कमी, कुणाला जास्त, तर कुणाला अजिबात पगार मिळेनासा झाला.

त्यातला एक तपशील आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून वर्षाला सुमारे 7 कोटी डॉलरची बचत दाखवली होती, आणि ती यायची होती माणसे कमी करून. 46 विभागांतल्या 1,200 वेतन सल्लागारांची पदे गेली आणि त्यांच्या जागी एका नव्या केंद्रात 550 जण आले. पगाराचे नियम 80 हजारांच्या वर होते. त्यांतले कितीतरी कागदावर एक आणि व्यवहारात दुसरे, असे असतात. हा फरक ज्यांच्या डोक्यात होता ती माणसे प्रणालीची चाल पक्की होण्याआधीच घरी गेली. बचतीचा आकडा टिकवायचा तर पदे वेळेवर रद्द करणे भाग होते, आणि पदे रद्द झाल्यावर तारीख पुढे ढकलायला जागा उरली नाही. कारण तोवर जुने काम करणारेच कोणी नव्हते.

एवढ्या हकिकतीत कोडची एकही ओळ अजून आलेली नाही.

आता निविदेकडे येऊ. रस्ता किंवा पूल बांधायचा तर किती घनमीटर काँक्रीट आणि किती टन पोलाद लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो, आणि झालेले काम टेप लावून मोजता येते. सॉफ्टवेअरमध्ये मोजायची वस्तू म्हणजे नियम आणि अपवाद, आणि ते किती आहेत हे अर्धे काम झाल्याशिवाय कळत नाही. ‘प्रणालीने सर्व प्रचलित नियमांनुसार वेतनाची आकारणी करावी’ हे वाक्य निविदेत लिहायला एक मिनिट लागते. त्या एका ओळीच्या पोटात वर सांगितलेले 80 हजार नियम असू शकतात. ज्या कंपनीने ती ओळ नीट समजून घेतली तिचा दर चढा येतो आणि ती बाद होते. जिने समजून घेतली नाही, किंवा घेऊनही ‘पुढचे पुढे पाहू’ म्हटले, तिचा दर खाली येतो. सर्वांत कमी दराची पद्धत अशा कामात बहुधा काम सर्वांत कमी समजलेल्या कंपनीला निवडून देते. यात भ्रष्टाचार असायची गरज नाही. सगळे नियमाने वागले तरी असेच होते.

पुढचा अंक म्हणजे बदल-विनंत्या. करार झाल्यावर लक्षात येते की अमुक अपवाद राहिला. कंत्राटदार म्हणतो, हे व्याप्तीत नव्हते, त्याचे वेगळे पैसे. आता स्पर्धा संपलेली असते, दर तोच ठरवणार. म्हणून मूळ निविदेतच बदलाच्या कामाचा प्रति-मनुष्यदिवस दर मागवा, आणि 3,000 किंवा 5,000 मनुष्यदिवसांचे बदल होणारच असे धरून ती रक्कम तुलनेच्या बेरजेत घ्या. मुख्य कामाला फुकटच्या भावात बोली आणि बदलांवर वसुली, हा खेळ तिथेच बराच आवळतो. अंदाजपत्रकातही बदलांसाठी स्पष्ट राखीव रक्कम ठेवा. ती ठेवली नाही म्हणून बदल थांबत नाहीत, फक्त प्रत्येक वेळी नवी नस्ती फिरते आणि दोन-तीन महिने जातात.

देयके कशावर निघतात तेही पाहा. गरजांचा दस्तऐवज मंजूर झाला की एक हप्ता, आराखडा मंजूर झाला की दुसरा, हार्डवेअर आले की तिसरा. असा करार असला तर एकाही माणसाने प्रणाली वापरून पाहण्याआधी बरेचसे पैसे गेलेले असतात, आणि मग प्रकल्प थांबवण्याची हिंमत कोणी करत नाही. अमेरिकेच्या एफबीआयने 2001 मध्ये ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही तपास-प्रकरणांच्या फायलींची प्रणाली हाती घेतली तेव्हा गरजांचा दस्तऐवजच 800 पानांच्या वर होता. 2005 मध्ये, सुमारे 17 कोटी डॉलर गेल्यावर, ती वापरात न येताच सोडून दिली. तिच्या जागी आलेली ‘सेंटिनेल’सुद्धा रखडली. शेवटी 2010 मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतले, संघ लहान केला आणि दर दोन आठवड्यांनी चालू स्थितीतला तुकडा दाखवायची सक्ती केली. 2012 च्या जुलैत ती वापरात आली. दोन्ही वेळा संस्था तीच आणि गरजही तीच होती. मुख्यतः बदलला तो काम किती मोठ्या घासाने घ्यायचे, हा निर्णय.

ब्रिटन सरकारने 2014 मध्ये यावर साधे नियम घातले: सबळ कारण असल्याशिवाय 10 कोटी पौंडांपेक्षा मोठा संगणक करार नाही, आपोआप मुदतवाढ नाही, सर्व्हर-भाड्याचा करार दोन वर्षांपेक्षा लांब नाही, आणि एका विभागात जी कंपनी सेवा पुरवते तिच्याकडेच तिथल्या जोडणी-समन्वयाचे काम नाही. शेवटचा नियम कोरडा वाटेल, पण स्वतःच्या कामावर स्वतःच देखरेख करण्याची सोय तो बंद करतो. या नियमांमागे अनुभव होता. रुग्णालयांच्या नोंदी देशभर एकत्र आणायचा त्यांचा राष्ट्रीय प्रकल्प 2002 मध्ये सुरू झाला आणि 2011 मध्ये गुंडाळायची वेळ आली.

सोर्स कोड, म्हणजे प्रणालीचा मूळ प्रोग्राम, खात्याच्या मालकीचा असेल, असे कलम बहुतेक करारांत असते. शेवटी एक हार्ड डिस्क मिळते आणि ती कपाटात जाते. तिच्यावरून प्रणाली पुन्हा उभी राहते का, हे कोणी पाहत नाही. कोड पहिल्या आठवड्यापासून खात्याच्या स्वतःच्या साठ्यात जमा व्हायला हवा. दर तीन महिन्यांनी खात्याच्याच माणसाने, कंत्राटदाराची मदत न घेता, कोऱ्या सर्व्हरवर तो चढवून प्रणाली चालू करून दाखवावी. पहिल्या वेळी ती चालू होणार नाही. एखादा पासवर्ड कुणाच्या लॅपटॉपवर असेल, एखादी लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, कुठेच नोंदलेली नसेल. हे पहिल्या तिमाहीत कळले तर एका दुपारचे काम असते. पाच वर्षांनी कंत्राटदार बदलताना कळले तर तोच कंत्राटदार कायमचा होतो.

जुना डेटा हा फारसा कुणाला न आवडणारा विषय आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. सादरीकरणात ‘डेटा मायग्रेशन’, म्हणजे जुना डेटा नव्या प्रणालीत नेणे, अशी एक चौकट असते आणि पुढे ‘चार आठवडे’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात काय निघते? जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून हजारो नोंदींत 1 जानेवारी टाकलेली. ‘पत्ता ओळ 3’ या रकान्यात पत्त्याऐवजी जुन्या फायलीचा क्रमांक, कारण पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यालयाला त्यासाठी रकाना नव्हता. एकाच माणसाच्या दोन नोंदी, एकीत आडनाव आधी, दुसरीत नंतर. वारलेल्या व्यक्तीची नोंद जिवंत, कारण जुन्या प्रणालीत बंद करण्यासाठी शेवटची थकबाकी शून्य व्हावी लागे आणि 3 रुपये शिल्लक होते. यांतली प्रत्येक गोष्ट नव्या प्रणालीत वेगळी चूक बनून वर येते, आणि तेव्हा ती डेटाची चूक आहे की प्रोग्रामची यावर दोन कंपन्या भांडतात.

म्हणून निविदा काढण्याआधी, हो, आधीच, जुन्या डेटाची तपासणी करून घ्या. प्रत्येक रकान्यासाठी चार आकडे काढायचे: किती नोंदी रिकाम्या, किती वेगवेगळी मूल्ये, सर्वाधिक आढळणारी दहा मूल्ये कोणती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे मूल्य कोणते. एक जाणकार माणूस मोठ्या प्रणालीचेही हे काम काही आठवड्यांत करतो. हा तक्ता निविदेला जोडला तर बोली लावणाऱ्यांना काम दिसते. मग स्थलांतराच्या किमान तीन रंगीत तालमी, तिन्ही पूर्ण डेटावर. प्रत्येक तालमीनंतर नोंदींची संख्या जुळली का, रकमांच्या बेरजा कार्यालयवार जुळल्या का, आणि हाताने निवडलेल्या दोनशे प्रकरणांची मूळ कागदांशी ताडणी झाली का. हे दोनशे सरसकट उचलू नका. त्यांत मुद्दाम वाकडी प्रकरणे घ्या: बदलीवर गेलेला, निलंबित होऊन परत आलेला, दोन ठिकाणी अर्धवेळ, वारसाला हस्तांतरित झालेला. साधी प्रकरणे नेहमीच जुळतात.

सर्व्हर कमी पडले, हे कारण सर्वाधिक ऐकू येते आणि सर्वाधिक दिशाभूल करते. आधी साधे गणित. समजा 12 लाख अर्ज 30 दिवसांत यायचे आहेत. सरासरी दिवसाला 40 हजार, म्हणजे सेकंदाला अर्ध्यापेक्षा कमी अर्ज. एका अर्जात सर्व्हरकडे 40 विनंत्या जातात असे धरले तर सेकंदाला 18-19 विनंत्या. कागदावर हे किरकोळ दिसते. पण शेवटच्या दिवशी 30 टक्के लोक आले, म्हणजे 3 लाख 60 हजार, आणि त्यांतले 60 टक्के संध्याकाळच्या पाच तासांत, तर ताशी 43,200 अर्ज होतात. सेकंदाला 12 अर्ज, 480 विनंत्या. सरासरीच्या सव्वीसपट. त्यात पान उघडेना म्हणून प्रत्येक जण रिफ्रेश करू लागला की हा आकडाही मागे पडतो. तेव्हा निविदेत ‘एकाच वेळी इतके वापरकर्ते’ असे मोघम न लिहिता शेवटच्या तासाचे गणित लिहा. अंतिम तारीख सगळ्यांना एकच ठेवायची खरोखर गरज आहे का, हेही विचारा. अर्ज क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार सहा वेगवेगळ्या तारखा दिल्या तर शिखर कितीतरी खाली येते, आणि त्याला एका परिपत्रकाएवढाच खर्च येतो.

दुसरे गणित साखळीचे. अर्ज भरताना ओळख पडताळणी एका प्रणालीतून, उत्पन्न दुसरीतून, बँक खाते तिसरीतून, मोबाइलचा ओटीपी चौथीतून आणि पैसे भरणे पाचवीतून. प्रत्येक प्रणाली 99 टक्के वेळ चालू असते आणि आपापल्या करारात ती उत्तीर्ण असते. पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता मात्र 95 टक्के भरते. वीस अर्जदारांत एक अडकतो, आणि कुणाचाच दंड निघत नाही. उपाय तांत्रिक कमी आणि कार्यपद्धतीचा जास्त आहे: अर्ज आधी स्वीकारा, पोच द्या, पडताळण्या नंतर रांगेत लावून करा. हे करायला नियमात ‘अर्ज दाखल झाला’ याची व्याख्या बदलावी लागते. ती कंत्राटदार बदलू शकत नाही. आपणच बदलू शकता.

अमेरिकेच्या आरोग्य विम्याच्या संकेतस्थळाचे, हेल्थकेअर डॉट गव्हचे, नेमके इथेच चुकले. 1 ऑक्टोबर 2013 ला ते सुरू झाले आणि पहिल्या दिवशी विमा नोंदणी पूर्ण करू शकलेल्या लोकांची संख्या होती 6. विम्याच्या योजना नुसत्या पाहायलाही आधी खाते उघडणे सक्तीचे केले होते, त्यामुळे चौकशीला आलेला प्रत्येक माणूस खाते उघडण्याच्या एकाच अरुंद दारात अडकला. पन्नासहून अधिक कंत्राटदार होते आणि सगळ्यांचे काम जुळवायची जबाबदारी खात्याने स्वतःकडे घेतली होती. ते करू शकतील अशी पुरेशी माणसे मात्र खात्यात नव्हती. सगळे भाग जोडून टोकापासून टोकापर्यंतची चाचणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत. नंतर दुरुस्तीला आलेल्या छोट्या पथकाला आढळले की प्रणाली या क्षणी चालू आहे की बंद, कुठे मंदावली आहे, हे एका नजरेत दाखवणारा डॅशबोर्डच नव्हता. तो बसवणे आणि वारंवार लागणारी माहिती प्रत्येक वेळी मूळ डेटाबेसमधून न आणता जवळ साठवून ठेवणे, ही त्यांची पहिली कामे होती. ही धंद्यातली अगदी प्राथमिक कामे आहेत. दोन महिन्यांत संकेतस्थळ कामचलाऊ झाले.

भारतात 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला तेव्हाही ताण केवळ यंत्राचा नव्हता. मूळ रचनेत विक्रीचा बिलवार तपशील 10 तारखेपर्यंत, खरेदीचा 15 पर्यंत आणि एकत्रित विवरण 20 पर्यंत द्यायचे होते, आणि एकाचे विक्रीचे बिल दुसऱ्याच्या खरेदीच्या बिलाशी जुळायला हवे होते. लाखो व्यापाऱ्यांची सगळी बिले दर महिन्याला दहा दिवसांत जुळवायची, हा भार नियमानेच जन्माला घातला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात खरेदीचे आणि एकत्रित विवरण बाजूला ठेवावे लागले, आणि तात्पुरते म्हणून आणलेले साधे सारांश-विवरणच चालू राहिले. सारांश-विवरणाने सुरुवात करून बिलांची जुळणी वर्षभराने आणता आली असती. नियम लिहिणाऱ्या टेबलावर प्रणालीचा माणूस बसवा म्हणतो ते यासाठी.

सुरुवात कशी करायची, याचे चांगले उदाहरण जर्मनीत आहे, आणि तेही आपटी खाल्ल्यानंतरचे. मालमोटारींचा उपग्रहाधारित पथकर ऑगस्ट 2003 मध्ये सुरू व्हायचा होता. वाहनात बसवायची उपकरणेच नीट चालेनात. शेवटी 1 जानेवारी 2005 ला उपकरणाच्या मर्यादित क्षमतेसह वसुली सुरू केली आणि दर व रस्ते दुरून बदलता येण्याची पूर्ण सोय वर्षभराने आणली. तेच 2003 मध्ये ठरवले असते तर सोळा महिन्यांचा महसूल बुडाला नसता.

पगार, निवृत्तिवेतन, अनुदान अशा पैसे वाटणाऱ्या प्रणालीसाठी तर समांतर चालणीला पर्याय नाही. जुनी आणि नवी प्रणाली एकाच महिन्याची आकारणी करतात आणि पैसे जुनीतून जातात. दोन निकालांतला प्रत्येक फरक एका तक्त्यात येतो आणि त्याच्यापुढे तीनपैकी एक शेरा पडतो: जुने चूक, नवे चूक, नियमच अस्पष्ट. तिसरा शेरा पडलेली प्रकरणे आपल्या टेबलावर यायला हवीत, कारण त्यांचा निकाल प्रोग्रामरने लावायचा नसतो. एक महिना पुरत नाही. एक साधा महिना, एक वर्षअखेरीचा आणि एक थकबाकीचा, असे किमान तीन हवेत. परत फिरण्याची वाट, म्हणजे रोलबॅक, किती तासांपर्यंत खुली आहे हे लिहून ठेवा आणि ती एकदा वापरून पाहा.

समांतर चालणी टाळली की काय होते, त्याचा हिशेब सोपा आहे. 3 लाख लोकांत फक्त एक टक्का चुका झाल्या तरी 3,000 तक्रारी. प्रत्येकीला 20 मिनिटे धरली तर 1,000 तास. दिवसाला सात तास काम करणारी दहा माणसे यात चौदा दिवस गुंततात. तेवढ्यात पुढचा महिना येतो, नव्या 3,000 तक्रारी येतात आणि जुन्यांतल्या काही सोडवताना बिघडलेल्या असतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आरोग्य खात्याची वेतनप्रणाली मार्च 2010 मध्ये सुरू झाल्यावर हेच घडले. हाताने दुरुस्त्या करायला शेकडो माणसे बसवावी लागली. सुमारे 62 लाख डॉलरच्या मूळ कराराचा एकूण भार पुढे 120 कोटींवर जाईल, असा अंदाज बांधला गेला.

चाचणीचा वेळ सगळ्यांना उधारीला मिळणारा वाटतो. आराखडा दीड महिना लांबला, चाचणीतून वळता करा. सर्व्हर उशिरा आले, चाचणीतून वळता करा. उद्घाटनाची तारीख मात्र हलत नाही, कारण पाहुणे ठरलेले असतात. करारातच लिहा की चाचणीचे दिवस आधीच्या टप्प्यांनी खायचे नाहीत. आधीचा टप्पा जितके दिवस लांबेल तितकी शेवटची तारीख आपोआप पुढे जाईल.

मग आपल्याला वेळेवर कळत का नाही? प्रोग्रामर सांगतो, ‘तीन इंटरफेस (दुसऱ्या प्रणालींशी जोडणारे सांधे) चालत नाहीत.’ गटप्रमुख लिहितो, ‘तीन इंटरफेसवर काम सुरू.’ प्रकल्प व्यवस्थापक लिहितो, ‘इंटरफेसचे काम 85 टक्के पूर्ण.’ मासिक आढाव्याच्या स्लाइडवर पिवळी खूण येते आणि तिच्याही वरच्या बैठकीत ती हिरवी होते. यात कुणी सरळ खोटे बोललेले नसते, प्रत्येकाने थोडा आशावाद मिसळलेला असतो. टक्के मागू नका. आढाव्याला एक खरे प्रकरण घेऊन या, वाकड्यांतले, आणि ते आपल्या खात्याच्या लिपिकाच्या हातून आपल्यासमोर चालवून दाखवा म्हणा. कंत्राटदाराच्या माणसाला माऊसला हात लावू देऊ नका. अर्ध्या तासात जे दिसेल ते साठ स्लाइडींत दिसणार नाही. आणि वाईट बातमी आधी सांगणाऱ्याची त्याच आठवड्यात बदली करू नका. ती झाली की पुढची वाईट बातमी वृत्तपत्रातच वाचावी लागते.

प्रणाली चालू राहते, आकडेही भरभर येतात, आणि तरीही ती माणसांवर अन्याय करत असते. हा प्रकार कोसळण्यापेक्षा वाईट. ऑस्ट्रेलियात भत्ता घेणाऱ्यांकडून जादा रकमेची वसुली काढण्यासाठी वार्षिक उत्पन्नाला 26 ने भागून ते प्रत्येक पंधरवड्याचे उत्पन्न धरले गेले. एखाद्याने पहिले सहा महिने पंधरवड्याला 1,000 डॉलर कमावले आणि पुढे सहा महिने तो बेकार होता. वर्षाचे 13,000, भागिले 26, म्हणजे 500. आता बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यातही त्याने 500 कमावले असे यंत्र म्हणते, आणि घेतलेला भत्ता परत मागते. कोडमध्ये दोष नव्हता, भागाकार बरोबर होता. चूक गृहीतकात होती, आणि पूर्वी अशी प्रकरणे हाताने तपासणारा माणूस मधून काढला होता. हे 2019 मध्ये थांबले. शाही आयोगाचा अहवाल आला तो 2023 मध्ये.

ब्रिटनच्या टपाल खात्याची ‘होरायझन’ प्रणाली 1999 पासून बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे टपाल केंद्रांच्या हिशेबात तूट दिसे, आणि इंग्लंड-वेल्सच्या न्यायालयांत संगणक बरोबर चालतो असेच मुळात गृहीत धरले जाई. तिच्या आकड्यांच्या आधारे 900 हून अधिक केंद्रचालक दोषी ठरवले गेले. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने दोष मान्य केले आणि 2024 मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कोणत्याही प्रणालीच्या मंजुरीच्या वेळी विचारा: यंत्राने सांगितलेली रक्कम चुकीची आहे असे नागरिक म्हणाला, तर ते कोण तपासणार, कोणती नोंद उघडणार, किती दिवसांत? तोपर्यंत वसुली थांबणार का? ज्ञात दोषांची यादी तक्रारदाराला पाहता येणार का? मदतकेंद्राने प्रत्येकाला ‘ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे’ असे सांगितले, तर ते खोटे आहे हे उघड करणारी दुसरी कोणतीही वस्तू त्याच्या हातात नसते.

हे सगळे बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेता येईल असे आपल्याला सांगितले जाईल. काही येईलही. पण कोड वाचू शकणारे, डेटावर स्वतः प्रश्न चालवू शकणारे आणि कंत्राटदाराचा अंदाज दुप्पट आहे की निम्मा हे ओळखणारे पाच-सहा जण खात्याच्या पगारावर हवेत, आणि त्यांचे म्हणणे सचिवांपर्यंत मधल्या चार सह्यांशिवाय पोहोचायला हवे. एस्टोनियाने 2001 पासून सरकारी नोंदवह्या एका महाकाय डेटाबेसमध्ये न ओतता जागच्या जागी ठेवून ‘एक्स-रोड’ या माहितीच्या देवाणघेवाणीच्या व्यवस्थेने जोडल्या. असला निर्णय विक्रेत्याकडून येणे कठीण, कारण त्यात विकायला कमी असते.

तेव्हा पुढची नस्ती सहीला येईल तेव्हा तिला तीन पाने जोडलेली आहेत का ते पाहावे, ही विनंती. पहिल्यावर जुन्या डेटाचा रकानेवार तक्ता. दुसऱ्यावर, काय घडले तर प्रकल्प थांबवायचा याच्या अटी, आकड्यांत: समांतर चालणीत अमुक टक्क्यांपेक्षा जास्त फरक, तिसरी तालीमही अयशस्वी, अमुक तारखेपर्यंत पहिल्या कार्यालयात वापर नाही. आणि तिसऱ्यावर एका अधिकाऱ्याचे नाव, ज्याला या अटी लागू करण्याचा अधिकार आहे आणि प्रणाली सुरू होऊन सहा महिने होईपर्यंत ज्याची बदली होणार नाही.

कळावे,

अशा प्रणाली बांधणारे, तपासणारे आणि रात्रपाळीत चालू ठेवणारे काही अभियंते